अकराला येणारी बाई

४ मार्च

ही डायरी दातवाल्या डॉक्टरणीच्या कचऱ्यात मिळाली. कोरी करकरीत. औषधाच्या कंपनीची, दोन वर्षांपूर्वीची. वार जुळत नाहीत. वाराशी मला काय करायचंय, मला रोजच काम असतं.

आजपासून सगळं लिहून ठेवायचं. चौथीपर्यंत शिकलेय, जोडाक्षरं जरा अडवतात, बाकी येतं. हे कुणी वाचायचं नाही. दुसऱ्याचं लिहिलेलं चोरून वाचणाऱ्याला लाज कशी वाटत नाही, देव जाणे.

दातवालीचं काम मी सोडलं. ती म्हणते तिनं काढलं. म्हणू दे. तिच्या मुलीच्या होणाऱ्या नवऱ्याला मी एवढंच सांगितलं, की पोरीच्या गादीखाली जी पत्रं आहेत त्यातलं अक्षर तुझं नाही. लग्न मोडलं. वेळेवर मोडलं. माझे आभार मानायचे राहिले बाजूला, दाराची किल्ली मागून घेतली.

आता एकच घर हातात. चौथ्या मजल्यावरचे साहेब आणि मॅडम.

५ मार्च

या घरात काही गडबड करायची नाही असं ठरवलंय. कारण मागची खोली.

स्वयंपाकघराच्या मागे खोली आहे. छोटी. तिथे इस्त्रीचं टेबल, सायकल, जुने डबे. पण खिडकी आहे, आणि दाराला आतून कडी आहे. पितळी. रोज पुसताना एकदा लावून बघते. टक्‌ करून बसते.

मुलाच्या घरी मी गॅसच्या सिलिंडरशेजारी झोपते. सकाळी सून दूध तापवायला येते ती माझ्या पायावरून. माझ्या आयुष्यात आतून कडी लागणाऱ्या खोलीत मी एकटी कधी झोपले नाही. आधी बहिणी, मग नवरा, मग पोरगा, मग सिलिंडर.

मॅडमनी एकदा स्वतःहून म्हटलं होतं, मावशी, तुम्ही इथेच राहायला आलात तर बरं होईल. दीड वर्ष झालं. विसरल्या असतील. आठवण करून द्यायला काहीतरी मोठं काम करून दाखवायला हवं.

७ मार्च

चोरी करणाऱ्या बायका वेगळ्या. मी चोरी करत नाही, मी बघते. घर साफ ठेवायचं तर घरात काय आहे ते माहीत नको?

माझी रीत ठरलेली. आधी कोरडं फडकं, मग ओलं. कोरड्या फडक्यानं खण उघडायचा, कोरड्या बोटानं बघायचं, तसंच ठेवायचं. खूण राहत नाही. मग ओलं फडकं घेऊन फरशीला लागायचं. हे कुणी शिकवलं नाही, माझं मीच शोधलं.

मॅडम शाळेत शिकवतात. नऊला जातात, एकला येतात. साहेब हॉलमध्ये कॉम्प्युटरपुढे, कानाला यंत्र लावून. छत पडलं तरी कळायचं नाही.

मॅडमची निळी शाल अंगावर घेऊन बघितली. कसर लागलीय का ते बघायला. आरशासमोर बघितलं, म्हणजे पाठीकडूनही दिसतं. कसर नव्हती. मला निळा शोभतो.

९ मार्च

आजचं लिहायलाच हवं.

साहेबांच्या बेडरूममधल्या टेबलाच्या खालच्या खणात बिलांच्या खाली एक पातळ वही. अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं, पण मराठी. ओठ हलवत वाचलं. लिहिलंय: बाई ११ ला आली. बेडरूमचं दार लावून २५ मिनिटं.

म्हणजे असं आहे. बायको शाळेत पोरांना पाढे शिकवते आणि इथे अकराला बाई येते. दार लावून. आणि हा निर्लज्ज मिनिटं मोजून लिहून ठेवतो.

अकराला मीही येते. जिन्यात कुणी भेटलं नाही. अकरा ते साडेअकरा बेडरूममध्ये तर मीच असते. म्हणजे बया किती चलाख असेल.

१० मार्च

पलंगाखाली बघितलं. कपाटात बघितलं. पडद्यामागे, बाथरूममध्ये. नाही.

पण उशीवर केस मिळाला. लांब. उजेडात धरला. पांढरा. मॅडमचे केस काळे आणि कापलेले. म्हणजे बाई वयस्क आहे. साहेबांची आवड बघा. केस कागदात बांधून ठेवला. पुरावा.

घरी सुनेला म्हटलं, पुरुषाचा भरवसा धरू नको. ती म्हणाली, आई, तुमचा मुलगा रात्री आठलाच घोरतो, भरवसा कसला धरायचा न् कसला सोडायचा. तोंड फार चालतं तिचं. कारखान्यात खोकी बंद करायच्या मशीनवर असते, आधी तिचंच तोंड बंद करून बघावं.

१२ मार्च

वहीत नवीन ओळ. बाईनं हिची निळी शाल घेतली होती, अत्तराचा वास येतोय.

बघा आता. लग्नाच्या बायकोची शाल त्या बाईच्या अंगावर. मला इतका राग आला की मॅडमचं अत्तर परत मनगटाला लावून पाच मिनिटं पलंगावर बसून राहिले, तेव्हा शांत झाले.

मॅडम काळ्याच आहेत, दात पुढे आहेत, स्वयंपाक बेचव. तरी अन्याय तो अन्याय.

१४ मार्च

आज रीत मोडली. बादली भरून झाल्यावर आठवलं वही राहिली. ओल्या हातानंच खण उघडला. चूक झाली, पण मोठी नाही. एका ओळीतला मधला एक शब्द बोटाखाली पुसला गेला. निळं पाणी झालं. फुंकर मारली. एका शब्दानं काय होतंय. पुढचं मागचं स्वच्छ होतं:

हिला … या महिन्यात संपवायचं.

दोनदा वाचलं. तीनदा वाचलं. हिला. या महिन्यात. संपवायचं.

माझे पाय गार पडले. मग लक्षात आलं, फरशी ओली होती.

१५ मार्च

झोप नाही. पण डोकं चालतंय.

मॅडमची गोळ्यांची डबी आहे. सात खणांची, वारावाराची. ती रविवारी साहेब भरतात. स्वतः. जो माणूस पाण्याचा पेला उचलून ठेवत नाही तो बायकोच्या गोळ्या मोजून भरतो. आज दुपारी मी भांडी पुसत होते तेव्हा तो तिला म्हणाला, गोळी चुकवू नकोस हं, सात वर्षं नीट गेलीत.

सात वर्षं! सात वर्षं हळूहळू घालतोय. आणि ती बिचारी हसून पाण्याबरोबर घेते.

बरोबर मोठी फाइल आहे डॉक्टरची. इंग्रजीत आहे म्हणून वेळ घालवला नाही.

आता विषाची खात्री करायची. दोन गोळ्या आणल्यात पदराला बांधून. मांजर नाही शेजारी.

१६ मार्च

सुनेच्या चहात घातल्या. दोन्ही. कुटून.

तिला मुद्दाम नाही दिल्या. मुलगा सकाळी चहा घेत नाही आणि मला विष घेऊन कसं चालेल, सगळी माहिती माझ्याकडे. उरली ती.

निघताना डोळे जड जड. कारखान्यातून आली ती जेवण न करता पडली. दिवा लावला तरी उठेना. श्वास चालू होता, बघितलं मी. माझं मन दगडाचं नाही.

विष आहे. सिद्ध.

१७ मार्च

एकदा झालं म्हणजे पुरावा होत नाही. काल मॅडमच्या घरून आणखी दोन आणल्या होत्या. आज परत दिल्या.

सिद्ध. मशीनवर डुलकी लागली तिला. चाळीस खोकी उलटी बंद झाली. मुकादमानं सगळ्यांसमोर झापलं म्हणे.

१८ मार्च

योजना तयार. साध्या माणसाला सुचली नसती.

साहेब चहात साखरेऐवजी गोड गोळ्या टाकतात, बारीक पांढऱ्या, छोट्या डबीतून. दिसायला अगदी तशाच. सात खणांतल्या सगळ्या विषाच्या गोळ्या काढल्या, मोरीत सोडल्या, वरून पाणी. गोड गोळ्या भरल्या. खणाखणात मोजून. दर सोमवारी हेच करायचं. साहेब रविवारी मृत्यू भरणार, मी सोमवारी काढणार.

मॅडमला आत्ता सांगायचं नाही. महिना संपेपर्यंत जिवंत राहिल्या की मग सांगायचं. तेव्हा त्या विचारतील, मावशी, मी तुमच्यासाठी काय करू. मी लगेच नाही सांगणार. जरा खाली बघेन. मग म्हणेन, मागची खोली.

२० मार्च

मॅडम साहेबांना म्हणाल्या, गोळी हल्ली गोड लागते का रे? साहेब म्हणाले, कंपनीनं वरचा लेप बदलला असेल. किती सहज खोटं बोलतो माणूस. त्याला तर काही माहीतच नाही.

सुनेची नोकरी गेली. घरी येऊन भिंतीला टेकून बसली. मला म्हणाली, आई, मला झालं काय हो, मी कधी डुलकी घेतली नाही. मी म्हटलं, वय होतं बाईचं. ती चौतीसची आहे.

चला, आता सकाळी पायावरून जाणार नाही कुणी.

२३ मार्च

साहेब आठ दिवस कामासाठी बाहेरगावी. जायच्या आधी डबी भरून गेले, शिवाय पुढच्या आठवड्याची दुसरी. केवढी काळजी. मी दोन्ही रिकाम्या केल्या. दोन्ही भरल्या.

बेडरूममध्ये नवीन घड्याळ ठेवलंय. काळं, चौकोनी, पलंगासमोर. टिकटिक नाही. मधोमध एक काळी काच, मण्याएवढी. त्यात आपलं तोंड दिसतं. केस नीट करून घेतले. मग त्याच्यापुढे बसूनच गोळ्या बदलल्या, उजेड चांगला आहे तिथे.

वही बरोबर नेली नाही. ओळ होती: बाईचं आता बघायलाच हवं. घड्याळ आणलं.

त्या बाईला घड्याळ भेट! बायकोला कधी फूल आणलं नाही.

आश्चर्य म्हणजे साहेब नाहीत तर बाईही फिरकत नाही. अकराला मी एकटीच असते.

२६ मार्च

मॅडमचा चहाचा कप हातातून उडाला. हातच उडाला म्हणा ना. नजर मिनिटभर भिंतीत अडकली. हाक मारली तर उत्तर नाही. मग म्हणाल्या, काय म्हणालात मावशी?

अंगातून विष निघताना असं होत असणार. सात वर्षांचं साचलेलं. मी म्हटलं, मॅडम, तुम्हाला बरं वाटायला लागलंय. त्या म्हणाल्या, झोप नाही झाली.

इस्त्रीचं टेबल कुठे हलवता येईल ते बघून ठेवलं. सायकल गॅलरीत जाईल.

२८ मार्च

मॅडम शाळेत गेल्या नाहीत. डोकं जड म्हणून घरी. सव्वाअकराला अंघोळीला गेल्या. मी हॉलची फरशी पुसत होते.

आत काहीतरी पडलं. मग टाचा आपटल्याचा आवाज. टप टप टप टप. फरशीवर. बराच वेळ. मग नुसतं पाणी.

हाका मारल्या. कडी आतून. किती घट्ट असते आतली कडी, ते आज कळलं. खालून वॉचमन आला, त्यानं खांद्यानं दार मोडलं. मॅडम वाकड्या पडलेल्या, तोंडाला फेस, हात पाठीखाली. पुढचा दात बेसिनपाशी.

तो दात मी उचलून कागदात ठेवला. दुसरं कुणाला सुचलं नाही.

हॉस्पिटलात नेलं. जिवंत आहेत. हात दोन ठिकाणी मोडलाय.

मला सगळा डाव कळलाय. विष चालेना म्हणताच त्यानं बाथरूमची फरशी निसरडी ठेवली. बाहेरगावाहून कशी ठेवली ते शोधायचंय. फरशी मीच पुसली होती, पण इतकी ओली नव्हती.

२९ मार्च

आता थांबायचं नाही. जीव वाचवायची हीच वेळ.

हॉस्पिटलात गेले. साहेब रात्रीच परत आलेले, खाली औषध आणायला गेले होते. मी मॅडमच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. अकराची बाई, शाल, वही, संपवायचं. आणि मी गोळ्या कशा बदलल्या ते. हळू सांगितलं, घाबरू नयेत म्हणून.

त्यांचे डोळे मोठे मोठे झाले. सुजलेल्या तोंडानं म्हणाल्या, गोळ्या बदलल्या? मी म्हटलं, सगळ्या. आभार नंतर माना.

त्यांनी उशाची घंटा दाबली. दाबतच राहिल्या. कृतज्ञतेनं माणूस असा होतो.

३१ मार्च

साहेबांनी घरी बोलावलं. मी धुतलेलं लुगडं नेसून गेले. खोलीचं बोलणं असणार म्हणून.

हॉलमध्ये मुलगा आणि सून आधीच बसलेले. साहेबांनी बोलावून घेतलेलं. मुलगा चपलांकडे बघत होता.

साहेबांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. त्यात मी होते. पलंगावर बसलेय, गोळ्या मोजतेय, मग तोंड अगदी जवळ आणून केस नीट करतेय. फार म्हातारी दिसत होते. शाल अंगावर होती.

मी म्हटलं, हे दाखवलंत ते बरं केलंत, आता त्या बाईचंही दाखवा.

साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी उत्तर दिलं असतं. त्यांनी ती वही काढली, माझ्यासमोर ठेवली, ओळीवर बोट ठेवलं.

"मावशी, बाई म्हणजे तुम्ही."

मी म्हटलं, "मला या घरात मावशी म्हणतात."

"तोंडावर," साहेब म्हणाले.

मग त्यांनी तो पुसलेला निळा डाग दाखवला. म्हणाले, इथे 'सांगून' हा शब्द होता. हिला सांगून या महिन्यात संपवायचं. तुमचं काम संपवायचं. तुम्हाला काढायचं होतं, मावशी, पण हिला तुमची दया यायची.

मॅडमना फिट यायच्या म्हणे. त्या गोळ्यांनी सात वर्षं आल्या नव्हत्या. मला कुणी सांगितलं होतं? फाइल मराठीत ठेवायला काय झालं होतं?

तेवढ्यात सून बोलली. हळू. त्या गोळीनं झोप येते का हो साहेब? साहेब म्हणाले, सवय नसेल तर खूप. सून माझ्याकडे बघत राहिली. सोळा आणि सतरा तारीख, आई, एवढंच म्हणाली.

बायकांनी तारखा लक्षात ठेवू नयेत.

१ एप्रिल

पोलिसांत दिलं नाही. म्हणजे माझी बाजू पटलेली दिसते.

मुलगा म्हणतो, सूनच मॅडमच्या पलंगापाशी तासभर उभी होती, हात जोडून. म्हातारीला आत घालू नका म्हणाली. मला कुणी विचारलं नाही. मी कधीच हात जोडले नसते.

मग मुलगा म्हणाला, "आई, तू तिच्या चहात घातलंस." मी म्हटलं, दोनच वेळा.

४ एप्रिल

किल्ली परत दिली. सगळ्या इमारतीत बातमी. लिफ्टमध्ये एक कागद लावलाय, माझा फोटो आहे, त्या घड्याळातला. खाली काय लिहिलंय ते वाचायला थांबले नाही. जोडाक्षरं फार होती.

ठराव: दुसरी इमारत बघायची. माझ्यासारखी कोपऱ्यातली धूळ काढणारी मिळणार नाही कुणाला.

८ एप्रिल

तीन इमारती झाल्या. वॉचमन लोकांचे एकमेकांशी फोन असतात.

११ एप्रिल

मॅडमचा हात प्लास्टरमध्ये, दुसऱ्या माणसाशिवाय अंघोळ-जेवण होत नाही. त्यांनी माणूस ठेवलंय. सकाळी नऊ ते सहा.

आमची सून.

मी म्हटलं, माझं काम चोरलंस. ती म्हणाली, तुम्हीच मला मोकळं केलंत की आई, सतरा तारखेला. तिनं हे भाकरी भाजल्यासारखं सांगितलं, एक बाजू, मग दुसरी बाजू. रागावलीसुद्धा नाही.

माझ्या हातचं पाणीही घेत नाही. चहा तीच करते, स्वतःचा, आणि कप संपेपर्यंत हातातून खाली ठेवत नाही.

१४ एप्रिल

सून घरी सांगत होती, मला नाही, मुलाला. मागची खोली मोकळी केली मॅडमनी. सायकल गॅलरीत गेली. मॅडम दुपारी झोपल्या की हिला म्हणतात, तूही पड जरा. ही जाते आणि कडी लावून तासभर पडते.

मी विचारलं नाही. पण तिनंच माझ्याकडे वळून सांगितलं. टक्‌ करून बसते हो आई, छान आहे कडी.

तिला हे कसं कळलं की मला ते ऐकायचं होतं? ही डायरी मी सिलिंडरमागे पिठाच्या पिशवीत ठेवते. तिथे कुणी बघत नाही.

१६ एप्रिल

डायरीवर पीठ होतं. आज नाही. कुणीतरी कोरड्या फडक्यानं पुसलीय. खूण नाही राहिलेली.

१७ एप्रिल

कपाटाला कुलूप लावलंय सुनेनं. खणालाही. मुलाच्या ट्रंकेलाही. बघण्यासारखं आता घरात गॅस आणि मी.

दिवसभर भांडी, कपडे, फरशी माझ्याकडे. काही सांगितलं नाही कुणी, नुसतं पडलेलं असतं. संध्याकाळी आल्यावर सून सिलिंडरमागून बोट फिरवते आणि बोटाकडे बघते. माझीच रीत.

१९ एप्रिल. सकाळ.

सून निघत होती तेव्हा शेजारीण दारात आली. मी मोरीत होते, ऐकू येत होतं. शेजारीण म्हणाली, नऊ ते सहा जातेस, मग घरातलं कसं करतेस गं? सून चप्पल घालत म्हणाली, "भांड्या-फरशीला बाई आहे."

दोघी गेल्यावर सगळं घर बघितलं. माळ्यावर बघितलं. दारामागे. पलंगाखाली काठी घालून बघितलं. कुणी नाही.

काठीला एक केस लागून आला. लांब. खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला.

पांढरा.

भांडी पडली होती. घासायला बसले.